वळूचं वीर्य ‘चांगलं’ म्हणजे नक्की काय? प्रजननक्षमतेचं भाकीत करणारे शोधनिबंध वाचताना

पशुप्रजनन या विषयात पीएच.डी. करायचं ठरवलं की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच एका ठरावीक साच्याचे शोधनिबंध तुमच्या टेबलावर जमा होतात. साचा असा: दहा-बारा वळू घ्यायचे. प्रत्येकाच्या गोठीत वीर्याच्या कांड्या वितळवून त्यावर पंधरा-वीस चाचण्या करायच्या. त्याच वळूंचे गर्भधारणेचे आकडे कृत्रिम रेतनाच्या नोंदींमधून काढायचे. मग एक मोठा तक्ता: कोणत्या चाचणीचा गर्भधारणेशी सहसंबंध किती. दोन-तीन आकड्यांवर तारका लागतात, आणि निष्कर्षात लिहिलं जातं की अमुक चाचणी वळूच्या प्रजननक्षमतेचं भाकीत करायला उपयुक्त ठरू शकेल.

असे निबंध गेली कित्येक दशकं निघतायत. आधी मोटिलिटी आणि शुक्राणूंचा आकार, मग पेशीपटलाच्या आणि अक्रोसोमच्या चाचण्या, मग डीएनए, मायटोकाँड्रिया, आता प्रथिनं आणि आरएनए. प्रत्येक वेळी चाचणी नवी आणि निष्कर्षातलं वाक्य तेच. अमेरिकेतले रूपर्ट अमन यांनी १९८९ मध्ये ‘जर्नल ऑफ अँड्रॉलॉजी’मधल्या लेखाचं शीर्षकच प्रश्न म्हणून दिलं होतं: वीर्याच्या नमुन्यावरून त्याची प्रजननक्षमता अचूक सांगता येईल का? त्यांचा सूर साशंक होता. इतक्या वर्षांनी साधनं कितीतरी सुधारली, तरी दोन पास झालेल्या वळूंपैकी कुणाच्या कांडीनं जास्त गाई गाभण राहतील हे प्रयोगशाळेत बसून छातीठोकपणे सांगणं अजूनही जमत नाही.

याचा दोष आपण सहसा चाचणीवर ढकलतो आणि आणखी चांगली चाचणी शोधायला निघतो. माझं म्हणणं वेगळं आहे. या निबंधांची कमजोर बाजू बहुतेक वेळा मायक्रोस्कोपखाली नसते. ती असते तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात, म्हणजे ज्याचं भाकीत करायचंय त्या गर्भधारणेच्या आकड्यात.

शंभर गाईंचा आकडा किती भरवशाचा?

समजा एका वळूचा खरा गर्भधारणा दर ५० टक्के आहे. त्याच्या कांड्यांनी तुम्ही १०० गाईंना रेतन केलं. किती गाभण राहतील? ५० असं उत्तर चटकन येतं. पण नाणं शंभरदा उडवलं तर दर वेळी ५० छापे पडत नाहीत, तसंच हे. साध्या द्विपद वितरणाच्या हिशेबानं इथे प्रमाण त्रुटी ५ टक्के येते. म्हणजे २० पैकी १९ वेळा तुमचा आकडा ४० ते ६० च्या दरम्यान कुठेही पडेल. १००० रेतनं केली तर ही पट्टी ४७ ते ५३ इतकी अरुंद होते.

आता दोन वळू घ्या, एकाचा खरा दर ५० आणि दुसऱ्याचा ४५. वीर्य केंद्राच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे, कारण एका वळूच्या हजारो कांड्या गावोगाव जातात. हा फरक ८० टक्के खात्रीनं पकडायचा असेल तर प्रत्येक वळूमागे साधारण १५६५ रेतनं लागतात. तुमच्या पुढ्यातल्या निबंधात वळूमागे किती आहेत ते बघा. साठ-सत्तर असतील तर तो आकडा वळूचा कमी आणि नशिबाचा जास्त आहे.

यातून एक गंमत निघते, ती नीट समजून घ्या. समजा वळूवळूंमधल्या खऱ्या फरकाचं प्रमाण विचलन ४ टक्के आहे आणि वळूमागे १०० रेतनं आहेत. मग खऱ्या फरकाचं प्रसरण १६ आणि नशिबाच्या गोंधळाचं २५. दिसणाऱ्या एकूण फरकात खऱ्याचा वाटा ४१ पैकी १६, म्हणजे ३९ टक्के. अशा आकड्यांशी एखाद्या *परिपूर्ण* चाचणीचा, म्हणजे वळूची खरी प्रजननक्षमता अगदी तंतोतंत सांगणाऱ्या चाचणीचा, सहसंबंधसुद्धा सरासरी ०.६२ च्या आसपासच येईल. ३९ टक्क्यांचं वर्गमूळ तेवढंच आहे.

मग शंभर रेतनांवर बेतलेल्या निबंधात ०.९ चा सहसंबंध छापला असेल तर काय समजायचं? एक तर त्यात वळूंमधला फरक फारच मोठा आहे, म्हणजे मुद्दाम टोकाचे वळू निवडलेत. नाही तर तो योगायोग आहे. आकडा मोठा दिसला की आपल्याला आनंद होतो, पण इथे मोठा आकडा हीच शंकेची जागा आहे.

आणि हा झाला आदर्श हिशेब. प्रत्यक्षात रेतनं एकसारखी नसतात. एका वळूच्या कांड्या एकाच तालुक्यात जातात, दुसऱ्याच्या दुसऱ्या. रेतन करणाऱ्याचा हात, माज ओळखण्याची वेळ, गाईची प्रकृती, चाऱ्याची टंचाई हे सगळं वळूच्या नावावर जमा होतं. त्यामुळे खरा गोंधळ सूत्रातल्या गोंधळापेक्षा जास्तच असतो.

‘उलटली नाही’ म्हणजे गाभण?

दुसरा प्रश्न: गर्भधारणा मोजली कशी? अनेक देशांत ‘नॉन-रिटर्न रेट’ वापरतात, म्हणजे रेतनानंतर साधारण ५६ दिवसांत पुन्हा रेतनाला न आलेल्या गाईंचं प्रमाण. आपल्या भाषेत, न उलटलेल्या गाई. पण गाय पुन्हा नोंदीत आली नाही याची कारणं काय काय असू शकतात बघा. ती गाभण असेल. ती बाजारात विकली गेली असेल. उलटली पण मालकानं गावातल्या वळूकडे नेली असेल. किंवा दुसऱ्या रेतकाला बोलावलं असेल आणि त्याची नोंद झालीच नसेल. हे सगळे हिशेबात ‘यश’ म्हणून धरले जातात.

अमेरिकेच्या कृषी खात्यानं २००८ मध्ये ‘सायर कन्सेप्शन रेट’ नावाचं मूल्यांकन सुरू केलं. त्यात निश्चित झालेली गर्भधारणा धरतात आणि कळप, गाईचं वय, वेताची संख्या, दूध अशा गोष्टींचा परिणाम सांख्यिकी पद्धतीनं वेगळा काढतात. आपल्याकडे बारा अंकी बिल्ल्यामुळे नोंदीची सोय झाली आहे, पण रेतनाची नोंद आणि त्याच गाईच्या गर्भतपासणीची नोंद यांची सांगड प्रत्येक वेळी बसतेच असं नाही. म्हणून निबंध वाचताना ‘साहित्य आणि पद्धती’ या भागात एकच वाक्य शोधा: किती गाईंची हातानं किंवा सोनोग्राफीनं गर्भतपासणी झाली, आणि उरलेल्यांचं काय केलं? हे वाक्य सापडलं नाही तर पुढचा तक्ता तपशिलात वाचू नका.

यातच आणखी एक बारीक गोष्ट. वळूमध्ये शुक्राणू तयार व्हायला साधारण ६१ दिवस लागतात आणि त्यानंतर ते अधिवृषणातून आठ-दहा दिवसांत पुढे सरकतात. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हाचा परिणाम जून-जुलैच्या वीर्यातही दिसू शकतो तो यामुळेच. जानेवारीतल्या दोन वीर्यसंकलनांवर चाचण्या करून त्यांची सांगड वर्षभराच्या गर्भधारणेशी घालणं म्हणजे एका कांडीचा निकाल दुसऱ्या कांडीला लावणं. चाचणी आणि रेतन एकाच बॅचचं हवं.

चाळणीतून गेलेल्यांची शर्यत

आता वीर्याकडे येऊ. मोटिलिटीचा गर्भधारणेशी सहसंबंध बऱ्याच निबंधांत कमजोर निघतो. यावरून ‘मोटिलिटी बघण्यात अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढणारे विद्यार्थी तुम्हाला भेटतील. त्यांना दोन गोष्टी विचारा.

पहिली, यातले खराब वळू कुठे गेले? ज्यांचं वीर्य गोठवणीत टिकत नाही ते केंद्रातून आधीच बाद झालेले असतात. आपल्याकडे केंद्र सरकारच्या किमान मानकांनुसार वितळल्यावर निदान ५० टक्के मोटिलिटी लागते. म्हणजे अभ्यासात उरतात ते ५० ते ६५ च्या पट्ट्यातले. दहावीला ९० च्या पुढचे गुण असलेलीच मुलं घेऊन ‘गुणांचा पुढच्या यशाशी संबंध नाही’ असं म्हणण्यासारखं आहे हे. चाळणीनं आपलं काम आधीच केलेलं असतं, म्हणून तिचा परिणाम तक्त्यात दिसत नाही.

दुसरी, एका कांडीत किती शुक्राणू आहेत? त्याच मानकांनुसार कांडीत २ कोटी शुक्राणू भरतात. निम्मे वितळताना निकामी झाले तरी एक कोटी फिरणारे उरतात. व्हर्जिनिया टेकमधल्या रिचर्ड साके यांनी वीर्यातल्या दोषांची जी विभागणी मांडली ती इथे उपयोगी पडते, आणि या विषयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी कल्पना हीच आहे. काही दोष *भरून निघणारे* असतात. शुक्राणू बीजांडापर्यंत पोचतच नसेल, पोहत नसेल, अंडकवचात शिरू शकत नसेल, तर कांडीत जास्त शुक्राणू भरले की काम भागतं. काही दोष *भरून न निघणारे* असतात. शुक्राणू पोचतो, बीजांड फलितही करतो, पण त्याच्या डीएनएच्या बांधणीत खोट असल्यानं गर्भ पुढे वाढत नाही. अशा वेळी कितीही शुक्राणू भरा, दर वाढत नाही, कारण बीजांडाची जागा खोट असलेल्या शुक्राणूनं आधीच अडवलेली असते.

नेदरलँड्समधल्या डेन दास आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वेगवेगळ्या मात्रा वापरून दाखवलं की शुक्राणूंची संख्या वाढवत गेलं की गर्भधारणा वाढते आणि मग सपाट होते. पण प्रत्येक वळूचं पठार वेगळ्या उंचीवर असतं आणि तिथे पोचण्याचा वेगही वेगळा असतो. म्हणजे ‘प्रजननक्षमता’ हा एक आकडा नाहीच, ते दोन आकडे आहेत. आपण सगळ्या वळूंना पठारावर नेऊन ठेवतो आणि मग विचारतो की मोटिलिटीचा परिणाम का दिसत नाही!

लिंगनिर्धारित वीर्याच्या कांडीत मात्र साधारण २० ते ४० लाखच शुक्राणू असतात. तिथे भरून काढायला जागा कमी. जी चाचणी नेहमीच्या कांडीत निरुपयोगी ठरली ती इथे उपयोगी पडू शकते. तुम्ही विषय शोधत असाल तर हा कोपरा बघण्यासारखा आहे.

डीएनएच्या बाजूचं काम १९८० मध्ये ‘सायन्स’मधल्या डोनाल्ड इव्हेन्सन आणि सहकाऱ्यांच्या निबंधापासून गाजलं. अॅक्रिडिन ऑरेंज हा रंग दुहेरी धाग्याच्या डीएनएशी जोडला की हिरवा चमकतो, उघड्या पडलेल्या एकेरी धाग्याशी जोडला की लाल. फ्लो सायटोमीटरमधून हजारो शुक्राणू काही सेकंदांत मोजता येतात. या चाचणीला निदान कार्यकारणाचा आधार आहे: ती भरून न निघणारा दोष मोजते. पण कृत्रिम रेतनातल्या बहुतेक वळूंमध्ये हे नुकसान कमीच असतं, त्यामुळे पास झालेल्यांना क्रम लावताना हीसुद्धा त्याच अडचणीत येते.

एकाच शुक्राणूत सगळं हवं

गर्भाशयात सोडलेल्या शुक्राणूला अंडनलिकेच्या तोंडातून आत शिरायचं असतं, तिथल्या पेशींना चिकटून तग धरायचा असतो, योग्य वेळी सुटायचं असतं, अक्रोसोम वेळेवर उघडायचं असतं, आणि शेवटी धड डीएनए पोचवायचा असतो. यातली एक गोष्ट नसेल तर बाकीच्या असून उपयोग नाही.

आपण मात्र प्रत्येक गोष्ट वेगळ्या स्लाइडवर मोजतो आणि सरासरी काढतो. समजा तीन गुणधर्म प्रत्येकी ७० टक्के शुक्राणूंमध्ये आहेत. तेच शुक्राणू तिन्हीत पास असतील तर ७० टक्के कामाचे. गुण एकमेकांपासून स्वतंत्रपणे विखुरलेले असतील तर ०.७ चा घन, म्हणजे फक्त ३४ टक्के. दोन्ही वळूंचा अहवाल मात्र अगदी सारखा दिसेल! म्हणून एकाच शुक्राणूवर दोन-तीन रंग एका वेळी वापरणारे अभ्यास वेगवेगळ्या वीस चाचण्यांपेक्षा मला जास्त मोलाचे वाटतात.

सगळं नॉर्मल, तरी गाभण नाही

वीर्यतपासणीच्या मर्यादेचं सर्वांत ठळक उदाहरण जर्मनी-ऑस्ट्रियाकडच्या फ्लेकव्ही जातीचं आहे. २०१४ मध्ये ‘प्लॉस जेनेटिक्स’मध्ये हुबर्ट पाउश आणि सहकाऱ्यांनी ७९६२ वळूंचा अभ्यास मांडला. आधार होता १ कोटी ५३ लाख रेतनांचा. त्यात ४० वळू असे निघाले की त्यांच्या ३५,६७१ रेतनांपैकी फक्त १.७ टक्के यशस्वी. या वळूंचं वीर्य नेहमीच्या तपासणीत पास झालेलं होतं. कारण सापडलं एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या टीएमईएम९५ या जनुकात. तिथल्या एका बदलामुळे हे प्रथिन शुक्राणूच्या पृष्ठभागावर नसतंच. पोहायला त्याची गरज नाही, पण बीजांड फलित व्हायला आहे.

हा निबंध वाचनीय आहे, पण त्यातून चुकीचा धडा घेऊ नका. ‘आता जनुकच बघा, मायक्रोस्कोप फेका’ असा अर्थ त्यातून निघत नाही. हा दोष जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्यावरच दिसतो आणि वळूला जवळजवळ वांझ करतो. ४५ आणि ५० मधला रोजचा फरक त्यानं उलगडत नाही. खरा धडा दुसऱ्या रकान्याचा आहे. त्यांच्याकडे गर्भधारणेची नोंद इतकी भक्कम होती, म्हणून शुक्राणूत न दिसणारी गोष्ट सापडली. आधी ‘हे वळू खरोखर वेगळे आहेत’ हे पक्कं झालं, मग ‘का’ हे शोधलं. आपल्या साच्यातल्या निबंधांत हा क्रम उलटा असतो.

तारकांचा खेळ

आता त्या तारका. १० वळू आणि २० चाचण्या. कशाचाही कशाशी संबंध नसला तरी, चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर, निदान एका चाचणीवर तारका लागण्याची शक्यता ६४ टक्के आहे. वीर्याच्या चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात म्हणून प्रत्यक्षात ती थोडी कमी, पण दुर्लक्ष करण्याइतकी नक्कीच नाही.

मग काही जण चार चाचण्या एकत्र करून समीकरण मांडतात आणि ‘४४ टक्के फरक उलगडला’ म्हणतात. १० वळूंवर चार निव्वळ निरर्थक आकडे टाकलेत तरी सरासरी चार भागिले नऊ, म्हणजे ४४ टक्केच फरक ‘उलगडतो’. वीसमधून सर्वांत चांगल्या चार निवडल्या तर आणखी जास्त.

आणखी एक युक्ती बघून ठेवा. १० वळूंची प्रत्येकी सहा वीर्यसंकलनं घेऊन ६० बिंदू दाखवायचे. ६० बिंदूंना ०.२५ च्या पुढचा सहसंबंध तारका मिळवतो. १० बिंदूंना ०.६३ लागतो. पण वळूमागे गर्भधारणेचा आकडा एकच असेल तर तुमच्याकडे माहिती दहा वळूंचीच आहे. कांड्या मोजून वळू वाढत नाहीत.

मग या तपासण्या कशासाठी?

नापास करण्यासाठी. आणि हे काम लहान नाही. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर थेरिओजेनॉलॉजीनं १९९३ मध्ये नैसर्गिक पैदाशीच्या वळूंसाठी ठरवलेले निकष बघा: निदान ३० टक्के मोटिलिटी, निदान ७० टक्के योग्य आकाराचे शुक्राणू, वयानुसार अंडकोषाचा किमान घेर. हे निकष ‘हा वळू किती गाई गाभण करेल’ असं सांगण्याचा आव आणत नाहीत. ‘याच्यावर कळप सोपवू नका’ एवढंच सांगतात, आणि ते कामाचं आहे. नापास करण्याची चाचणी आणि क्रम लावण्याची चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साच्यातले निबंध पहिलीचं कौशल्य दाखवून दुसरीचा दावा करतात.

हा वाद फक्त कागदावरचा नाही. खराब वळू चुकून पास झाला तर प्रत्येक रिकाम्या रेतनामागे शेतकऱ्याचे २१ दिवस जातात, चाऱ्यासकट. उलट, कच्च्या आकड्यांवर चांगला वळू बाद केला तर देवणी किंवा खिलारसारख्या जातीत, जिथे निवडीला वळू मुळातच मोजके, एक रक्तरेषाच हातची जाते.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा चाचण्यांची यादी सर्वांत शेवटी लिहा. आधी हे लिहा: वळू किती, वळूमागे रेतनं किती, गर्भतपासणी कोण आणि कितव्या दिवशी करणार, कांडी त्याच बॅचची आहे का, मात्रा कमी करून बघता येईल का. वळू कमीच मिळणार असतील तर दोन वळूंचं वीर्य समप्रमाणात मिसळून रेतन करायचं आणि वासराचं पितृत्व डीएनएवरून ठरवायचं, या जुन्या पद्धतीचा विचार करा. एकाच गाईत, एकाच हातानं, एकाच दिवशी तुलना होत असल्यानं बराच गोंधळ आपोआप गळतो. मात्र त्यात वळूंची आपसातली स्पर्धा मोजली जाते, एकट्याचा दर नाही, हे निष्कर्षात स्पष्ट लिहा. आणि जे समीकरण तयार होईल ते वेगळ्या, आधी न वापरलेल्या वळूंवर तपासल्याशिवाय त्याला ‘भाकीत’ म्हणू नका. तोवर ते फक्त वर्णन आहे.

मार्गदर्शक म्हणतील, एवढी रेतनं तीन वर्षांत होणार नाहीत. शक्य आहे. मग प्रश्न लहान करा: वीसऐवजी दोन चाचण्या, पण ज्यांच्यामागे कारण सांगता येतं अशा. भाकिताचा दावा न करणारा, पण दुसऱ्या रकान्यातले आकडे खरे असलेला प्रबंध पुढचा विद्यार्थी उचलून वापरू शकेल.